माझा रंग बरोबर होता

माझ्या धंद्यात सगळ्यात जास्त भांडणं पांढऱ्या रंगावरून झाली. बाहेरच्या माणसाला वाटतं, फोटोवाल्याची भांडणं पैशावरून होत असतील, उशिरावरून होत असतील. तीही झाली. मी भांडखोर माणूस आहे, हे मोहाडीत कोणालाही विचारा. पण पैशाची भांडणं मी विसरलो, पांढऱ्याची आठवतात. त्यातलं एक तर असं, की ते मी जिंकलो होतो आणि तरी ते अजून मिटलेलं नाही.

मोहाडीला तहसील कार्यालयासमोर माझा स्टुडिओ होता. एक खोली, मागे काळा पडदा, पुढे काचेचं काउंटर. बापाकडून काही मिळालं नव्हतं आणि गुरूकडूनही फारसं नाही. तुमसरला एका स्टुडिओत मी प्रिंट धुवायला होतो. मालक हातचं कसब कोणाला सांगायचा नाही, म्हणून मी त्याच्या चुका पाहून शिकलो. चुका भरपूर होत्या, त्यामुळे शिक्षण चांगलं झालं.

रिळाच्या काळात रंगाची जबाबदारी आमच्यावर नव्हती. रीळ नागपूरच्या लॅबला जायचं आणि तिथला माणूस मशीनवर रंग लावायचा. चेहरा लाल आला, हिरवा आला, तर 'लॅबची चूक' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. आमचा भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतर काही वर्षांतच डिजिटल कॅमेरे आमच्याकडे आले आणि ही सोय गेली. आता कॅमेरा माझा, कॉम्प्युटर माझा, रंग माझा आणि शिव्याही माझ्याच.

व्हाइट बॅलन्स म्हणतात तो प्रकार काय, ते आधी सांगतो. समजा तुम्ही पिवळ्या बल्बखाली बसला आहात आणि समोर दोरीवर पांढरं धोतर आहे. तुम्हाला ते पांढरंच दिसतं. खरं तर त्याच्यावरून येणारा उजेड पिवळा असतो. पण धोतर पांढरं आहे हे तुमच्या डोक्याला ठाऊक असतं, म्हणून डोकं गुपचूप पिवळा वजा करून टाकतं. कॅमेऱ्याला डोकं नाही. त्याला सांगावं लागतं, बाबा रे, इथे ही वस्तू पांढरी आहे, हिच्यावरून बाकीचे रंग लाव. ते सांगणं चुकलं की साडी चुकते, हार चुकतो, माणसाचं तोंडही चुकतं.

डोक्याच्या या हुशारीत एक खोटही आहे. जे हळूहळू बदलतं, ते डोळ्याला दिसत नाही. रोज बघणाऱ्याला तर मुळीच दिसत नाही. हे वाक्य मी गिऱ्हाइकांना शंभरदा ऐकवलं आहे.

आणि आमच्याकडचा उजेड फसवणारा. ट्यूबलाइट हिरवी झाक टाकते. निळ्या ताडपत्रीखाली बसलेला माणूस तलावातून बाहेर काढल्यासारखा दिसतो. पोळ्याच्या सुमारास धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, कोणाला उभं करा, खालून हिरवा उजेड हनुवटीवर चढतो. लग्नाच्या मांडवाचं तर विचारूच नका. वर पिवळं-गुलाबी कापड, कोपऱ्यात हॅलोजन, दाराकडून ऊन. एकाच गालावर तीन रंग.

पहिलं डिजिटल लग्न मी वरठीला केलं. कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, पांढरी वस्तू समोर धरा. मी नवरदेवाचा झब्बा धरला. झब्बा लख्ख होता, कारण तो नीळ घालून धुतला होता. नीळ घातलेला कपडा आपल्याला जास्त पांढरा वाटतो, पण असतो तो निळसर. कॅमेऱ्याने तो निळाच पांढरा धरला आणि त्याची भरपाई म्हणून सगळ्यांच्या तोंडावर पिवळा ओतला. नवरदेवाचा बाप अल्बम घेऊन दुकानात आला आणि चार लोकांसमोर म्हणाला, "काहो भाऊ, सारं वऱ्हाड कावीळ होऊन आलतं का लग्नाले?"

लोक हसले. त्यानंतर वर्षभर माझ्या दुकानाला 'पिवळा स्टुडिओ' म्हणत. मी कोणाकोणाच्या अंगावर धावून गेलो, ते सांगत नाही.

मग मी नागपूरला जाऊन ग्रे कार्ड आणलं. हे एक राखाडी पुठ्ठ्याचं कार्ड असतं. त्यात कोणत्याच रंगाची झाक नसते, म्हणून कॅमेऱ्याला ते दाखवलं की तो फसत नाही. दुकानदाराने किंमत सांगितली, तेव्हा मी चाट पडलो.

"एका पुठ्ठ्याचे एवढे?"

"भाऊ, पुठ्ठ्याचे नाही, त्याच्या रंगाचे आहेत."

"मंग रंग ठेव तुह्याजवळ, मले पुठ्ठा दे."

तासभर घासाघीस केली. कार्ड घेतलं आणि वर लेन्स पुसायचं फडकं फुकट घेतलं. ते कार्ड पुढे प्रत्येक लग्नात माझ्या खिशात असायचं. लोक त्याला पाटी म्हणायचे. "भाऊ पाटी दाखवते, मंग पोटू काढते" अशी थट्टा चालायची. मला राग यायचा आणि अभिमानही वाटायचा.

तरी माणसाचा रंग म्हणजे काय, हे मला कार्डाने शिकवलं नाही. ते फुलाबाईने शिकवलं. फुलाबाई तलावात मासे धरणारी म्हातारी. त्यांच्या सोसायटीच्या ओळखपत्रांसाठी मी सगळ्यांचे फोटो काढले होते. त्या काळात सगळ्यांना गोरं व्हायचं असे, म्हणून मी न सांगताच सगळ्यांना दोन छटा उजळ केलं होतं. फुलाबाई आपला फोटो घेऊन दुकानाबाहेर उन्हात गेली, तिथे निरखून पाहिला आणि परत आली.

"हे कोण होय?"

"तूच होय, बाई."

"मी कवा होती एवढी गोरी?"

"सारे गोरंच मांगतात."

"मांगू दे. तलावावर साहेब येईन, कार्ड पाहीन, अना म्हणन हे बाई दुसरीच होय. मले माहा रंग दे."

मी चिडलो. एक म्हातारी मला धंदा शिकवते! पण तिचं खरं होतं. मी फोटो परत काढला, पाटी धरून. ती पुन्हा उन्हात गेली, पाहिला, पदरात बांधला आणि निघून गेली. त्या दिवसापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायला लागलो, प्रिंट दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पाहू नका, दारात जाऊन उजेडात पाहा. माणसाचा रंग त्याचा त्याला द्यायचा, हा माझा नियम झाला. हा नियम मी मोडला, ती गोष्ट आता सांगतो.

देवरावजी आमच्याच तालुक्यातले. खेड्यापाड्यांत सायकलवर डाक वाटत. त्यांच्या मुलीचं, प्रज्ञाचं, लग्न ठरलं आणि फोटोचं काम माझ्याकडे आलं. काम आणलं यशवंतजींनी, म्हणजे प्रज्ञाच्या मामांनी. यशवंतजी तहसीलच्या फाटकाबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहायचे. अर्जाला फोटो लागला की ते बोलायचे नाहीत, नुसता हातातला पेन माझ्या दुकानाकडे करायचे. माझं निम्मं दुकान त्या पेनावर चालायचं, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. आमचं पटलं कधीच नाही. ते मला उद्धट म्हणायचे आणि मी त्यांना शाईचा ठेकेदार म्हणायचो.

लग्न बौद्ध पद्धतीचं होतं. नवरी पांढऱ्या साडीत, नवरदेव पांढऱ्या कपड्यात, समोर बुद्धमूर्ती, पांढरी चादर, पांढरी फुलं. फोटोवाल्यासाठी याहून अवघड लग्न नाही, कारण पांढऱ्यात थोडी जरी झाक आली तरी चोरी पकडली जाते. वर मांडवाचं कापड पिवळं होतं. मी पाटी काढली. प्रज्ञाने विचारलं, "काका, हे काय आहे?" मी समजावलं. ती म्हणाली, "मग द्या, मीच धरते." तिने पाटी छातीशी धरली. शेजारी देवरावजी उभे होते. ते पाटीकडे पाहून म्हणाले, "शाळेत पहिल्या दिवशी अशीच पाटी धरली होती हिनं, अना उलटी धरली होती." ती हसली, ते हसले, मी बटण दाबलं. असा फोटो गिऱ्हाइकाला द्यायचा नसतो. तो रंग लावण्यापुरता, आमच्या कामाचा.

दहा-बारा दिवसांनी यशवंतजी प्रिंट पाहायला आले. दुकानात चार-पाच माणसं अर्जाच्या फोटोसाठी बसली होती. त्यांनी तीन-चार प्रिंट उलटवले आणि थांबले.

"हे काय करून ठेवलं?"

"काय केलं?"

"माह्या भाटव्याचं तोंड पाहा. पिवळं धम्मक!" भाटवे म्हणजे आमच्याकडे बहिणीचा नवरा, इथे देवरावजी.

"यशवंतजी, हळू बोला. गिऱ्हाईक बसलं आहे."

"बसू दे न! त्यायले बी पाहू दे. पिवळा स्टुडिओ पुन्हा सुरू केला का?"

तो शब्द त्यांनी काढायला नको होता. माझं डोकं फिरलं.

"पिवळं तुमच्या डोळ्यात आहे जी! भंडाऱ्याले जाऊन डोळे तपासून घ्या, मंग या रंगाचं सांगाले." मी पाटी काउंटरवर आपटली. "हे पाहा. साडी पांढरी आहे का नाही? जावयाचा शर्ट पांढरा आहे का नाही? तुमच्या बहिणीचं तोंड बरोबर आहे का नाही? मंग एकट्याचंच तोंड मी कायले पिवळं करू?"

"ते मले काय विचारता? धंदा तुमचा होय."

एकट्याचंच तोंड पिवळं कसं, हा प्रश्न मी स्वतःच्या तोंडाने भर दुकानात विचारला होता. मला त्याचं उत्तर नको होतं, मला भांडण जिंकायचं होतं.

यशवंतजींनी आवाज खाली आणला. ते खालच्या आवाजात बोलले की जास्त धोक्याचे. "माहा पेन उद्यापासून बसस्टँडकडं वळन," ते म्हणाले. बसस्टँडजवळ नवा स्टुडिओ निघाला होता. "भाटव्याचं तोंड सरळ करून द्या, नाही त राहू द्या."

इथे माझ्यातला सौदा करणारा जागा झाला. मी म्हणालो, करून देतो. पण माझीही एक अट आहे. आत्ता, या लोकांसमोर म्हणा की फोटो चांगले आहेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाकावरच्या माणसांकडे पाहिलं, आणि ओठ दाबून म्हणाले, "फोटो चांगले आहेत." मी म्हणालो, "जरा मोठ्यानं." ते मोठ्याने म्हणाले.

त्या दिवशी मी खुशीत घरी गेलो. एका तोंडाचा रंग तर बदलायचा होता, त्यात माझं काय जात होतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कॉम्प्युटरवर बसलो. फोटोतला एकच चेहरा निवडायचा आणि त्यातला पिवळा कमी करायचा, हे काम सोपं असतं. पण आधी खात्री करायची म्हणून मी पाटीवाला फोटो उघडला. पाटी राखाडी होती, साडी पांढरी होती, प्रज्ञाचा रंग तिचाच होता. मला वाटलं, देवरावजींना हळद लागली असेल. मग आठवलं, त्या घरी हळदच नव्हती. बौद्ध लग्नातही काही घरी हळद ठेवतात, यशवंतजींनी ठेवू दिली नव्हती. मांडवाच्या कापडाची झाक म्हणावी, तर ते कापड प्रज्ञाच्याही डोक्यावर होतं. मी चेहरा मोठा करत गेलो, डोळ्यापर्यंत गेलो. माणूस काळा असो, गोरा असो, डोळ्यातलं पांढरं सगळ्यांचं पांढरं असतं. आमच्या धंद्यात पाटी नसली तर शेवटी तिथेच पाहतात. देवरावजींच्या डोळ्यातलं पांढरं हळदीच्या पाण्यासारखं होतं.

कावीळ ओळखायला डॉक्टर लागत नाही. मी ओळखली.

मग मी काय केलं? हात थांबवला, चहा मागवला आणि विचार केला. आत्ता जाऊन सांगितलं की देवरावजी आजारी आहेत, तर यशवंतजी म्हणतील, स्वतःचा खराब रंग झाकायला माणसाला आजारी ठरवतो. कालच मिटवलेलं भांडण पुन्हा उकरायचं, तेही चार लोकांनी ऐकल्यावर. आणि मी खरं तेच लिहायचं ठरवलं आहे म्हणून लिहितो, राग होताच. दिसलं ना तुम्हाला पिवळं? मग तुम्हीच पाहून घ्या, असाही एक विचार मनात येऊन गेला. शेवटी मी ठरवलं की अल्बम देताना सांगू. आणि पिवळा काढायला लागलो. गालातला काढला, कपाळावरचा काढला. डोळ्यातला सगळ्यात शेवटी काढला. काम सुरेख झालं, कोणालाही शोधून सापडलं नसतं.

अल्बम न्यायला देवरावजी स्वतः आले, सायकलवर. उन्हाने घामेजले होते, शर्ट सैल झाला होता. त्यांनी अल्बम काउंटरवर उघडला. मी सवयीने म्हणालो, "दारात नेऊन उजेडात पाहा जी." ते दारात गेले. पानं उलटत उलटत हसायला लागले.

"वा! माहा चेहरा मस्त आणला भाऊ तुम्ही."

"हो न."

"आमच्या घरची रोज मागं लागली आहे, तोंड उतरलं, दवाखान्यात जा, भंडाऱ्याले जा. लग्नाची धावपळ झाली म्हणून थकवा आहे, दुसरं काय? आता हे दाखवतो तिले. पाह्य म्हणतो, पोटूत कुठं दिसते?"

ते दारात उभे होते. तिरपं ऊन बाजूने तोंडावर येत होतं. चेहऱ्यावर पडतो तो सगळ्यात खरा उजेड. मला त्यांचे डोळे दिसत होते. मधे चार हातांचं अंतर होतं, आणि त्यांच्या पाठीमागे, रस्त्याच्या पलीकडे, यशवंतजी टेबलावर वाकून कोणाचा तरी अर्ज लिहीत होते. त्याच क्षणी त्यांनी मान वर केली आणि समोर उभ्या एका बाईला पेनाने माझं दुकान दाखवलं.

मी म्हणालो, "तब्येतीची काळजी घ्या, देवरावजी."

"हाव जी," ते म्हणाले. अल्बम कॅरिअरला बांधला आणि गेले. ती बाई आत आली. मी तिचे फोटो काढले.

पावसाळा सरता सरता देवरावजींना नागपूरला नेलं आणि धान कापणीला येण्याआधी ते गेले. आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं, असं तिथले डॉक्टर म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं. करता आलं असतं की नसतं, मला ठाऊक नाही, ते आता कोणालाच ठाऊक होणार नाही. तिसऱ्या दिवशी यशवंतजी दुकानात आले. अल्बममधला एक फोटो मोठा करून हवा होता, हार घालायला. ते काउंटरला धरून उभे होते. म्हणाले, "यातला कोणताही द्या. सारेच चांगले आहेत." या वेळी मी त्यांना म्हणायला लावलं नव्हतं.

मी मोठा करून दिला. त्यांच्या घरी भिंतीवर अजून तोच फोटो आहे, असं म्हणतात. त्या घरी मी कधी गेलो नाही.

पुढची कितीतरी वर्षं ही गोष्ट मी माझ्या मनाशी एकाच पद्धतीने सांगत आलो. यशवंतजींनी मला हे करायला लावलं. त्यांनी पेनाची धमकी दिली नसती तर फोटो जसा होता तसाच त्या घरी गेला असता, बायकोने दाखवला असता, देवरावजी वेळेत दवाखान्यात गेले असते. माझा रंग बरोबर होता, एका अर्ज लिहिणाऱ्याने तो बिघडवला. हा राग मी चांगला सांभाळला. रस्त्यात यशवंतजी दिसले की मी मान फिरवायचो. त्यांना कारण कळत नसावं. ते पेन मात्र शेवटपर्यंत माझ्याकडेच करत राहिले.

नंतर मोबाइल आले, लोकांचे हात भरले आणि माझं दुकान रिकामं झालं. मी ते दुसऱ्याला दिलं. जुनी लग्नं डिस्कमध्ये भरून घरी आणली, सोबत एक लहान प्रिंटर ठेवला.

मागच्या वर्षी प्रज्ञा घरी आली. आता ती तुमसरकडे शाळेत शिकवते, तिची मुलगी पाचवीत आहे. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाली, "काका, तुमच्याकडे बाबांचा एखादा दुसरा फोटो आहे का? अल्बममधला नको."

"काहून? त्यात काय झालं?"

"त्यातले बाबा मले बाबासारखे वाटतच नाहीत. मुलगी विचारते, आजोबा असे होते का? मी हो म्हणते, पण वाटत नाही. पुतळ्यासारखे दिसतात."

हे मला फुलाबाईनंतर कोणी म्हटलं नव्हतं.

नाही म्हणता आलं असतं, डिस्क खराब झाली म्हणून. तिने विश्वास ठेवला असता. मी उठलो, डिस्क लावली आणि पाटीवाला फोटो काढला. तो पाहून ती खुदकन हसली. "हे पाटी मी धरली होती! अना बाबा म्हणाले होते, उलटी धरली..." बोलता बोलता ती थांबली. पडद्याजवळ वाकली.

"काका, बाबा हे एवढे पिवळे... रंग बिघडला का याचा?"

"नाही. रंग बरोबर आहे. पाटीवरून पाहा."

शिकवणारी मुलगी ती. तिने माझ्यासारखंच पाहिलं, आधी पाटी, मग साडी, मग स्वतःचा हात, आणि शेवटी बापाचे डोळे. बराच वेळ पाहिलं.

"हे तेव्हा दिसलं होतं?"

"हो."

"कोणाले?"

"मले."

 आत बायकोने भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "आई रोज म्हणायची दवाखान्यात जा. बाबा अल्बम आणून तिच्या समोर ठेवायचे."

"माहीत आहे मले."

"मामाले माहीत होतं?"

एवढी वर्षं मी या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवलं होतं. तुझ्या मामानेच लावलं मला, पेनाची धमकी दिली, सगळं त्यात होतं आणि त्यातलं काहीच खोटं नव्हतं. तोंड उघडलं तेव्हा मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं की त्या दिवशी दुकानात यशवंतजी काय ओरडले होते. माझ्या भाटव्याचं तोंड पिवळं आहे. अख्ख्या लग्नात, अख्ख्या घरात ते मोठ्याने म्हणणारा तो एकच माणूस होता. आणि मी त्याला चार लोकांसमोर खोटं पाडून, वर फोटो चांगले आहेत म्हणायला लावलं होतं.

"तुह्या मामाले दिसलं होतं," मी म्हणालो. "ते बोलले बी होते. त्यायले वाटलं फोटो खराब आहे. तसं नाही, हे मले समजलं होतं, मी सांगितलं नाही."

तिने फोटो मागितला. मी विचारलं, थोडा ठीक करून देऊ का? म्हणाली, "नाही. जसा आहे तसाच द्या." मी प्रिंट काढला. तो घेऊन ती आपणहून ओसरीत गेली आणि उजेडात धरून पाहिला. मी तिच्याबरोबर बाहेर गेलो नाही. परत येऊन तिने तो पर्समध्ये वहीच्या पानांत ठेवला, बायकोला आतून आवाज देऊन "येते काकू" म्हणाली. मला काही म्हणाली नाही. म्हणायला हवं होतं, असं मला वाटत नाही.

यशवंतजींचे गुडघे गेले आहेत, ते आता घरीच असतात. दिवाळीचे सगळे अंक मागवून वाचतात आणि चुका सापडल्या की पेनाने खुणा करतात, असं ऐकतो. हा अंकही त्यांच्या हातात जाईल. तुम्हाला मी लोकांसमोर बोलायला लावलं होतं, यशवंतजी, म्हणून मीही लोकांसमोरच बोलतो. माझा रंग बरोबर होता. तुमचे डोळेही बरोबर होते.